कर्माचा अधिकार आणि गुणांचा जमाखर्च

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, त्या वेळी संबंध बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याकडे गेला आणि त्यातला एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. तेव्हापासून या सरहद्दीवरच्या मुलखाची कचेरी, दप्तर आणि दाखले कोल्हापूरचे, तर बाजार, दवाखाना आणि पुष्कळदा सोयरीकही बेळगावची, अशी जी दुहेरी वहिवाट पडली ती आजतागायत चालू आहे. बारावीचा निकाल हाती आल्यावर येथील जी मुले-मुली स्थापत्य, यंत्रविद्या, वास्तुकला किंवा कृषी असे विषय घेऊन कोल्हापूर, बेळगाव, पुणे वा मुंबई गाठतात, त्यांची पहिल्या-दुसऱ्या सत्रातच एका अशा वस्तूशी गाठ पडते की जिची ओळख त्यांना आजवरच्या शालेय अभ्यासाने मुळीच करून दिलेली नसते. ती वस्तू म्हणजे प्रकल्प. गावात राहून शिकणाऱ्यालाही आता त्यातून सुटका उरलेली नाही; २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमाची जी नवी आखणी झाली तिच्यात क्षेत्रप्रकल्प, प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागल्यामुळे, चंदगडच्या र. भा. माडखोलकर महाविद्यालयात किंवा हलकर्णीच्या यशवंतराव चव्हाण महाविद्यालयात कला शाखेत शिकणाऱ्या मुलीलाही केव्हातरी वही घेऊन कुणाच्या तरी बांधावर उभे राहावेच लागते.

परीक्षेतल्या प्रश्नाचे उत्तर प्रश्नाच्या आधीच सिद्ध असते. ते पुस्तकात असते, मार्गदर्शिकेत असते, गेल्या वर्षीच्या मुलाच्या वहीत असते, आणि विद्यार्थ्याचे कर्तव्य एवढेच की ते नेमक्या वेळी नेमक्या पानावर उतरवावे. प्रकल्पाचे उत्तर कोठेच लिहिलेले नसते. ते शिकवणाऱ्याजवळही नसते, आणि ते मुळात आहे की नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. पाऊस अवकाळी पडतो, मागवलेला सुटा भाग येत नाही, ज्या शेतकऱ्याला भेटायचे तो पावण्यांकडे गेलेला असतो, चौघा सोबत्यांपैकी एक आजारी पडतो आणि दुसरा रुसतो, आणि सत्राची मुदत यांपैकी कशासाठीही थांबत नाही. बारा वर्षे पहिल्या पाचांत आलेला मुलगा अशा वेळी प्रथमच अनुभवतो की आपण मनापासून कष्ट केले आणि तरीही हाती काही लागले नाही. आणि या अनुभवाला सामोरे जाण्यासाठी त्याच्याजवळ कसलीही पूर्वतयारी नसते.

या ठिकाणी एक धर्मविषयक प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रश्न विद्वानांच्या सभेतला नसून वसतिगृहातल्या मुलाचा आहे. लहानपणापासून कीर्तनात, शाळेच्या परिपाठात आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्याने गीतेचा उपदेश ऐकलेला असतो की माणसाचा अधिकार कर्मापुरता आहे, फळावर नाही. इकडे विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत मात्र जे पडते ते फळाच्याच वजनाने पडते. यंत्र चालले तर अमुक गुण, न चालले तर तमुक. गीतेने ज्यावरचा हक्क काढून घेतला त्याच गोष्टीचा हिशेब विद्यापीठ मागत असेल, तर या दोहोंपैकी कोणाचे ऐकावे? हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. ज्या ग्रंथाला आपण जीवनग्रंथ म्हणतो तो एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पहिल्या खऱ्या अडचणीत उपयोगी पडत नसेल, तर त्याचे पारायण करण्यात काय हशील?

प्रथम एक गैरसमज दूर करू. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे फळाचा विचार सोडणे, असा अर्थ आळशी लोकांनी आपल्या सोयीसाठी रूढ केलेला आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात जो ग्रंथ पेन्सिलीने लिहून काढला आणि जो १९१५ साली ‘गीतारहस्य’ या नावाने प्रसिद्ध झाला, त्याचा सारा रोख या गैरसमजाच्या विरुद्ध आहे. कर्म कोणत्या हेतूने, कोणत्या साधनांनी आणि कोणता परिणाम साधण्यासाठी करावयाचे याचा पुरा विचार केल्याखेरीज कर्मयोग संभवतच नाही, ही त्यांची भूमिका सुप्रसिद्ध आहे. बाण सोडणाऱ्याने लक्ष्य पाहिलेच पाहिजे; लक्ष्यवेधावर आपल्या नावाची सनद मात्र त्याने मागू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. फळाची अपेक्षा करू नये हे सांगणे ज्याच्या घरी दाणागोटा भरलेला आहे त्याला सोपे असते. ज्या मुलीची फी तिच्या आईने काजूच्या कारखान्यात बोटांना टरफलाचे दाहक तेल लावून घेत मिळवलेल्या मजुरीतून भरली आहे, तिला पदवीच्या फळाची आशा नसावी असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोचतो? शतकानुशतके राबणाऱ्या वर्गाला राबण्याचा अधिकार आणि भोगणाऱ्या वर्गाला फळाचा अधिकार, अशी वाटणी करण्यासाठी धर्मवचनांचा वापर झालेला आहे, हे नाकबूल करता येत नाही. डॉक्टर आंबेडकरांनी गीतेची जी कठोर चिकित्सा केली, तिच्यात चातुर्वर्ण्याला आणि कर्मकांडाला तात्त्विक आधार पुरवणारा ग्रंथ असा जो दोषारोप त्यांनी तिच्यावर ठेवला, तो वाचून ज्याला अस्वस्थ वाटत नाही त्याने गीता फार वरवर वाचली असली पाहिजे. माझे मत असे की मजुरी, शिष्यवृत्ती, पदवी आणि नोकरी हे कष्टाचे न्याय्य मोबदले आहेत. ते मागावेत, त्यांसाठी अर्ज करावेत, प्रसंगी भांडावे. त्यांना गीतेतल्या फलत्यागाच्या कक्षेत ओढणे हा अन्याय आहे. फलत्यागाचा खरा प्रांत निराळा आहे, आणि तो कळण्यासाठी दुसऱ्या अध्यायातल्या त्या सर्वतोमुखी श्लोकापाशी न थांबता अठराव्या अध्यायापर्यंत जावे लागते.

तेथे गीता सांगते की कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याला पाच कारणे लागतात: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे व्यापार, आणि पाचवे दैव. हे सांगून झाल्यावर ती पुढे म्हणते की असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी अद्याप संस्कारित झालेली नाही. प्रकल्पाला हात घालणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याहून उपयुक्त उपदेश मला तरी कोठे आढळला नाही; आणि तो पोथीत बंद राहू नये म्हणून आपल्या तालुक्यातल्याच एका कामाला लावून पाहू.

समजा, स्थापत्याच्या चौघा विद्यार्थ्यांनी असा प्रकल्प घेतला की ताम्रपर्णीवरच्या एखाद्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पाणी उन्हाळ्यापर्यंत का टिकत नाही याचा शोध घ्यावयाचा. हा बंधारा आपल्या जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला दिलेली वस्तू आहे. नदीच्या पात्रात खांब उभारून त्यांच्या अंगाला खाचा ठेवावयाच्या, पावसाळा ओसरला की त्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवावयाचे, आणि पुढचा पावसाळा लागण्यापूर्वी बरगे काढून घेऊन नदीला आपला पूर आणि आपला गाळ घेऊन मोकळेपणी जाऊ द्यावयाचे, एवढीच त्याची युक्ती. परंतु तिच्यात नदीशी झगडण्याऐवजी तिच्या ऋतूंशी करार करण्याचे शहाणपण आहे. विद्यार्थी काय करतात? ते बरग्यांच्या फटींतून किती पाणी झिरपते याचे मोजमाप घेतात, फटी बुजवण्यासाठी रबराच्या पट्टीची योजना काढतात, आकृत्या रंगवतात आणि प्रकल्प झाला असे समजतात. आता पाच कारणे लावून पाहा.

अधिष्ठान या शब्दाने भाष्यकारांनी देह घेतला आहे. मी येथे काम ज्या भूमीवर उभे असते ती भूमी, असा व्यापक अर्थ घेतो. या प्रकल्पाचे अधिष्ठान बंधाऱ्याचा सांगाडा नसून ती नदी, तिचे दोन्ही काठ, काठावरचा ऊस आणि भात, कृषिपंप आणि त्या पंपांचे मालक हे सारे मिळून आहे. बरगे कोणत्या महिन्यात बसले, ते बसवण्याची जबाबदारी कोणाची, त्यांतले किती चोरीस गेले आणि किती गंजले, वरच्या गावाने किती पाणी उपसले आणि खालच्या गावाने त्याबद्दल कोणाकडे दरखास्त केली, हे कळल्याशिवाय झिरपणीचा आकडा मुका राहतो. एखाद्या अंशालाच सर्वस्व मानून त्याला बिलगून बसणाऱ्या ज्ञानाला गीतेने तामस म्हटले आहे. अभियांत्रिकीच्या मुलांना हे वाचून राग येईल, परंतु मोजता येते तेवढेच खरे असे मानणे हे त्याच जातीचे ज्ञान आहे. म्हणून पहिला पंधरवडा काहीही न मोजता काठाने हिंडावे, असे मी सुचवीन. कोवाडच्या बाजारपेठेत पूर शिरतो तेव्हा पाणी कोणत्या बाजूने येते हे तेथल्या दुकानदाराला जितके नेमके ठाऊक असते तितके कोणत्याही नकाशाला ठाऊक नसते, आणि तो ते सांगायला तयारही असतो, फक्त विचारणाऱ्याला बसायला वेळ हवा.

कर्ता म्हणजे आपण. त्याविषयी पुढे बोलू. करणे म्हणजे मोजपट्ट्या, संगणक, शिकलेले गणित, आणि आपली भाषा. चंदगडच्या मुलाला आपल्या चंदगडी बोलीची शहरात लाज वाटते असा माझा अनुभव आहे, आणि तो मला फार खेदाचा वाटतो. कारण कोकणीशी आणि कानडीशी सोयरीक असलेली ती बोली हेच त्याचे असे साधन आहे की ज्याच्या बळावर तो अशा घरांच्या पडवीत जाऊन बसू शकतो जेथे पुण्याच्या विद्यार्थ्याला उंबरठ्यावरूनच औपचारिक उत्तर मिळेल. चेष्टा म्हणजे रोजचे बारीकसारीक व्यापार, आणि त्यांत कसूर झाली तर उरलेली चारही कारणे अनुकूल असून निष्फळ होतात. राहिले दैव. दैव म्हणजे जे आपल्या हिशेबात धरता आले नाही ते; त्या वर्षी पाऊसच उशिरा थांबला, बरगे बसलेच नाहीत, आणि मोजणीसाठी ठेवलेले महिने वाया गेले. अहवालात या पाचव्या कारणाला जागा ठेवणे हा नुसता नम्रपणा नव्हे, ती सत्यनिष्ठा आहे. आणि कर्ता म्हणून आपला वाटा नेमका किती, हे ठरवण्याचा दुसरा मार्गही नाही.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. फळ पाच कारणांचे असते आणि त्यांपैकी फार थोडी आपल्या हातची असतात, म्हणून फळ हे आपल्या कर्तृत्वाचे निर्भेळ माप होऊ शकत नाही. ते चांगले आले तरी नाही आणि वाईट आले तरी नाही. फळावर अधिकार नाही याचा विद्यार्थ्याच्या जीवनात एवढाच अर्थ आहे, आणि एवढा पुरे आहे. चांगल्या परीक्षकाला ही गोष्ट ठाऊक असते. म्हणूनच तो व्हायव्हाच्या वेळी यंत्र चालले का यापेक्षा ते का चालले नाही असे विचारतो, आणि हातातली वही चाळून पाहतो. विद्यापीठाने गुणांची विभागणी करताना रोजच्या नोंदींना, फसलेल्या प्रयत्नांच्या प्रामाणिक वृत्तांताला आणि पुनर्विचाराला आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक वजन द्यावे, अशी माझी मागणी आहे. जोवर ते दिले जात नाही तोवर काही मुलांवर अन्याय होत राहील, आणि त्या अन्यायाला गीतेचा आधार नाही.

कर्त्याचे तीन प्रकार गीतेने सांगितले आहेत, आणि प्रत्येक वसतिगृहात ते तिन्ही नांदत असतात. राजस कर्ता हर्षशोकांनी हेलकावे खाणारा, लोभी. पहिल्या आठवड्यातच तो बक्षिसाची भाषा बोलू लागतो आणि पहिल्या अडचणीला खचतो. तामस कर्त्याच्या लक्षणांत गीतेने जी यादी दिली आहे तिच्या शेवटी दीर्घसूत्री हा शब्द येतो. आजचे काम उद्यावर आणि उद्याचे परवावर टाकणारा. चालढकलीला आपण फार तर खोड समजतो; गीतेने तिला विषादाच्या शेजारी बसवले आहे, आणि हे शेजारपण अचूक आहे. मुले आळसाने काम पुढे ढकलतात हे अर्धेच खरे. पुष्कळ मुले भीतीने ढकलतात. जोवर आरंभ केलेला नाही तोवर काम निर्दोष असते, हात लावला की ते बिघडू लागते, म्हणून हात लावावयाचाच नाही, आणि मग शेवटच्या चार रात्री जागून जे काही होईल ते सादर करावयाचे, म्हणजे अपयश आले तरी त्याचा दोष वेळेवर ढकलता येतो. फळाची आसक्ती म्हणतात ती ही. आळशी दिसणारा हा मुलगा वास्तविक फळाच्या चिंतेने इतका ग्रासलेला असतो की त्याच्याच्याने कर्म होत नाही. त्याला धाक घालून उपयोग नाही. वाईट आराखडा काढण्याची मोकळीक त्याला दिली पाहिजे.

सात्त्विक कर्त्याच्या ठिकाणी गीता धृती आणि उत्साह या दोहोंची एकत्र अपेक्षा करते. उत्साह तारुण्याला फुकट मिळतो, धृती कमवावी लागते; आणि ती कमवण्याचे साधन मला विनोबांच्या विवेचनात सापडते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी जी गीताप्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी उतरून घेतली, त्यांत बाहेरच्या कर्माला आतल्या कर्माची, मनाच्या ओलाव्याची, जोड मिळावी लागते असे सांगून त्या आतल्या कर्माला त्यांनी विकर्म हे नाव दिले आहे. प्रकल्पाच्या बाबतीत हे विकर्म म्हणजे रोजनिशी, असे मी म्हणेन. दिवस मावळल्यावर दहा ओळी लिहाव्यात: आज काय पाहिले, काय समजले, काय समजले नाही, आणि कोणती समजूत चुकीची ठरली. या वहीत रंगीत चित्रे नकोत, मार्गदर्शकाला खूष करणारी वाक्ये नकोत. ज्याच्याजवळ अशी वही असते त्याला शेवटच्या महिन्यात अहवाल लिहावा लागत नाही, तो आधीच बराचसा लिहिलेला असतो.

आता मार्गदर्शकाविषयी. येथे मला छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकाम जाबालाची आठवण केल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण प्रकल्पाधिष्ठित शिक्षणाची त्याहून जुनी कथा मला माहीत नाही. आपले गोत्र ठाऊक नाही हे आईने सांगितलेले सत्य जसेच्या तसे गुरूपुढे ठेवणारा हा मुलगा. त्या सत्यवचनावरच हारिद्रुमत गौतमांनी त्याला शिष्य केले, आणि लगेच पाठ सुरू न करता चारशे रोडावलेल्या, अशक्त गाई वेगळ्या काढून त्याच्या हवाली केल्या. त्यांना घेऊन निघताना तो म्हणाला की हजार झाल्याखेरीज मी परतणार नाही. कितीतरी वर्षे तो रानात राहिला. गाई हजार झाल्या तेव्हा कळपातला बैल त्याच्याशी बोलला, मग अग्नी बोलला, मग हंस, मग मद्गू नावाचा पाणपक्षी. आणि प्रत्येकाने ब्रह्माचा एकेक पाद त्याला सांगितला. परत आल्यावर त्याच्या मुखावरचे तेज पाहून गुरूने विचारले की तुला कोणी शिकवले, तेव्हा तो म्हणाला, मनुष्यांहून इतरांनी. परंतु आचार्यांकडून मिळालेली विद्याच उत्तम गतीला नेते असे मी ऐकले आहे, तेव्हा आपणच मला सांगावे. आणि गुरूने तेच सांगितले, त्यात काही कमी पडले नाही.

या कथेत गुरूने दिलेले काम पाहा. गाई निवडून दिल्या त्या अशक्त. धष्टपुष्ट कळप देऊन वाढवायला सांगितले असते तर शिकण्यासारखे काही उरले नसते. काम दिल्यानंतर गुरू रानात मागोमाग गेला नाही. आणि शिष्याची थोरवी अशी की रानाने सारे शिकवल्यानंतरही त्याने स्वतःची विद्या गुरूपुढे ठेवून तपासून घेतली. तीन महिने शेतांतून हिंडून आलेल्या विद्यार्थ्याला कधी कधी वाटू लागते की केबिनीत बसणाऱ्या आपल्या सरांना काय कळते. आणि सरांनाही कधी वाटते की पुस्तकाबाहेरून आलेल्या या मुलाजवळ शिकण्यासारखे काय असणार. दोघांनीही ही कथा वाचावी.

परंतु उपनिषद येथेच थांबत नाही, आणि त्याचे हे धैर्य मला फार मोलाचे वाटते. पुढे सत्यकाम स्वतः आचार्य झाला, आणि उपकोसल नावाच्या शिष्याने बारा वर्षे त्याच्या अग्नींची सेवा केली. इतर शिष्यांना निरोप मिळाला, याला मिळाला नाही. पत्नीने रदबदली केली तरी आचार्य काही न सांगता प्रवासाला निघून गेले. उपकोसलाने दुःखाने अन्न सोडले. तेव्हा ज्या अग्नींची त्याने सेवा केली होती त्यांनाच करुणा आली आणि त्यांनी त्याला विद्या दिली. ज्याला रानाने शिकवले तोच आचार्य झाल्यावर शिष्याची उपेक्षा करू शकतो, हे ऋषींनी झाकून ठेवलेले नाही. तुमचे मार्गदर्शक प्रवासात असतील, सभांत असतील, दूरध्वनी उचलत नसतील. त्यांचा दोष तो दोषच आहे, आणि विभागप्रमुखांकडे त्याची लेखी नोंद करणे यात कसलाही गुरुद्रोह नाही. पण तोवर अग्नी विझू देऊ नका. काम चालू असेल तर काम स्वतः काहीतरी सांगू लागते. आणि ज्या दिवशी अन्न नकोसे होते, झोप लागत नाही, त्या दिवशी ते एकट्याने सोसू नका. उपकोसलाला अन्न घे म्हणून सांगायला आचार्यपत्नी जवळ होती. तुमच्याजवळही कोणीतरी असेल, त्याला सांगा, घरी सांगा. प्रकल्पापेक्षा तुमचा जीव मोठा आहे, यात शास्त्राचे दुमत नाही.

समूहात काम करताना दोन प्रकारची माणसे हटकून भेटतात: एक काहीच न करता नाव लावून घेणारा, आणि दुसरा कोणालाच काही करू न देता सारे आपल्या अंगावर ओढून घेणारा. पहिल्याविषयी सारे बोलतात. तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे वर्णन करताना, आपला वाटा न देता जो भोगतो त्याला गीतेने स्पष्ट शब्दांत चोर म्हटले आहे, तेव्हा त्याचा फैसला झालेलाच आहे. दुसऱ्याविषयी मात्र कोणी बोलत नाही, उलट त्याची स्तुती होते. परंतु मीच एकटा कर्ता, ही जी दुर्मती अठराव्या अध्यायाने दाखवली ती याचीच. पहिला आपला भाग यज्ञात टाकत नाही, दुसरा इतरांना टाकू देत नाही. चक्र दोघेही मोडतात. हुशार मुलांना माझी विनंती आहे की सोबत्याचे काम आपल्याहून कमी प्रतीचे झाले तरी ते त्याचे त्याला करू द्यावे.

बाजारात तयार प्रकल्प विकत मिळतात, आणि आता तर प्रश्न टाकला की यंत्र पानेच्या पाने लिहून देते. याविषयी लांबण लावण्याचे कारण नाही. साधन म्हणून काहीही वापरा आणि वापरल्याचे लिहा; पण जी नदी पाहिली नाही तिचे वर्णन, जी माणसे भेटली नाहीत त्यांची उत्तरे आणि जी मोजमापे घेतली नाहीत त्यांचे आकडे स्वतःच्या सहीने सादर करणे ही खोटी साक्ष आहे. सत्यकामाला शिष्यत्व मिळाले ते एका गैरसोयीच्या सत्यावर, हे विसरू नये.

आणि फसलात तर? सहाव्या अध्यायात अर्जुनाने हाच प्रश्न केला आहे: श्रद्धा असूनही जो मध्येच ढळला, जो इकडचाही राहिला नाही आणि तिकडचाही झाला नाही, त्याची काय गती? भगवंतांचे उत्तर असे की कल्याणाचे काम करणारा कोणीही दुर्गतीला जात नाही. जेथे सुटले तेथूनच त्याचा पुढचा आरंभ होतो. ज्यांना गीतेचे प्रामाण्य मान्य नव्हते अशा थोर पुरुषाच्या चरित्रातच याचा पुरावा मिळतो, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. माणगावच्या १९२० च्या परिषदेत ज्यांच्या नेतृत्वाची ग्वाही शाहू महाराजांनी दिली, ते आंबेडकर त्याच वर्षी लंडनला परत गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. पैसे संपत आले होते. ते मुंबईस परतले, निष्कर्षांना धक्का न लावता त्यांनी प्रबंधाची मांडणी सुधारून पाठवली, आणि १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी आणि छापील ग्रंथ दोन्ही झाले. परत आलेला कागद हा शेवट समजायचा की सूचना समजायची, एवढेच त्यांच्या हातात होते.

आपल्या तालुक्यातलेच उदाहरण हवे असेल तर कोवाडचे रणजित देसाई आहेत. ‘स्वामी’ने १९६२ साली कीर्ती मिळवून दिल्यानंतर शिवचरित्राचे अवघड काम त्यांनी हाती घेतले, आणि ‘श्रीमान योगी’ प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या आरंभी नरहर कुरुंदकरांचे परखड आणि चिकित्सक विवेचन प्रस्तावनेच्या रूपाने त्यांनी छापले. कीर्तिमान लेखकाने दुसऱ्याची चिकित्सा आपल्याच ग्रंथाच्या दारात बसवावी, हे व्हायव्हाला घाबरणाऱ्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शेवटी एक मागणे. प्रकल्प संपतो, गुण पडतात, जाड पुठ्ठ्याचा अहवाल विभागाच्या कपाटात जातो, आणि ज्या गावाने पाणी मोजू दिले, ज्या बाईने काजू फोडता फोडता तासभर प्रश्नांची उत्तरे दिली, त्यांना पुढे काय झाले ते कधीच कळत नाही. यज्ञचक्र मोडते ते येथेही. म्हणून तुम्ही प्रकल्प कोठेही करा, चंदगडात करा की पुण्याच्या उपनगरात. सादर केल्यानंतरच्या सुट्टीत त्या गावी परत जा, काय सापडले आणि काय सापडले नाही ते चार पानांत सोप्या मराठीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि त्याची एक नक्कल ग्रामपंचायतीच्या दप्तरी दाखल करून तिची पोच घ्या.